सरासरी भरली, पीक गेलं

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला हवामान विभाग एक आकडा जाहीर करतो, यंदाचा मोसमी पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल याचा, आणि ऑक्टोबर आला की त्या आकड्यावरून भांडण जुंपतं. 2025 साली एप्रिलमध्ये सांगितलं 105 टक्के, मेअखेर ते 106 केलं आणि देशात प्रत्यक्ष पाऊस पडला 108 टक्के. चार महिने आधी केलेला अंदाज याहून जवळ यावा अशी अपेक्षा कुणी करू नये. पण त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं सोलापूर-धाराशिवकडची रानं मातीसकट खरडून नेली, मराठवाड्यात सोयाबीन उभ्या जागी कुजलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. मग नेहमीची चर्चा रंगली. एक बाजू म्हणाली, हा हवामान बदल, याला कोण काय करणार. दुसरी म्हणाली, हवामान बदल वगैरे सगळी पळवाट आहे. ओढे-नाले बुजवले, उसाच्या नादी लागले, आता भोगा. तिसरी बाजू जरा दबक्या आवाजातली, बहुतेक शहरातली: पाऊस नाही पडला तरी मदत, पडला तरी मदत, यांना सवयच लागलीय.

तिन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या, पण तिघींच्या हातात मोजपट्टी एकच होती. पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला की जास्त, एवढंच. माझं म्हणणं असं की शेतीच्या दृष्टीनं हंगामाची सरासरी हा जवळजवळ निरुपयोगी आकडा आहे. अंदाज, मदत, विमा यांतलं बरंचसं काही आपण या सरासरीवर किंवा तिच्या भावंडांवर उभं केलंय, आणि म्हणूनच दर दोन वर्षांनी तेच भांडण नव्यानं भांडतो. हवामान बिघडलंय हे खरं. पण शेतकऱ्याला मारतो तो पावसाचा बिघडलेला एकूण हिशेब नव्हे, त्याचे बिघडलेले दिवस. आणि दिवस मोजायची आपल्या कारभाराला अजून नीट सवय नाही.

मराठवाड्याची जून ते सप्टेंबरची सरासरी साधारण 680 मिलिमीटर. हा पाऊस चाळीस-पंचेचाळीस दिवसांत विभागून पडला, मधेमधे कोळपणीपुरती उघडीप मिळाली, तर जिरायतदार त्या वर्षाची आठवण पुढं दहा वर्षं काढतो. तेवढाच पाऊस दहा-बारा दिवसांत कोसळला आणि मधे दोन लांब खंड पडले तर खरीप जातो, मातीही जाते, आणि सप्टेंबरअखेर वहीत मात्र शंभर टक्के लिहिलं जातं. 2016 सालचं लातूर आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर संपता संपता तिथल्याच मांजरा नदीला पूर आला, पुलांवरून पाणी गेलं. त्या वर्षाची सरासरी काढून कुणाला काय कळणार आहे? तहान आणि पूर यांची बेरीज करून दोननं भागल्यावर समाधान थोडंच हाती लागतं!

सोयाबीनचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाचा खरीप आज बराचसा याच एका पिकावर तोलला आहे. पीक नव्वद ते एकशेदहा दिवसांचं. जूनअखेर पेरलं तर ऑगस्टच्या सुरुवातीला फुलं, आणि मग महिनाभर शेंगा धरणं-भरणं. आता 2023 चा ऑगस्ट बघा. 1901 पासून नोंद झालेल्यांतला देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पावसात तब्बल 36 टक्के तूट. हंगाम मात्र 94 टक्क्यांवर संपला, म्हणजे 'सामान्य' ठरायला फक्त दोन टक्के कमी. त्या ऑगस्टमध्ये ज्यानं रान पाहिलंय त्याला हे 94 ऐकून हसू येईल. दुपारी बाराच्या सुमाराला झाडं पानं उलटी करून उभी राहत, पानांची पांढुरकी बाजू वर. फुलं सरींत गळून पडलेली. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. सप्टेंबरात पाऊस आला आणि तेच पीक पुन्हा हिरवंगार झालं. रस्त्यावरून गाडीनं जाणाऱ्याला वाटलं, काय जोमात आलंय! शेंग फोडली की तीन दाण्यांच्या जागी एक, तोही मुगाएवढा चपटा. पंचनाम्याला आलेल्या माणसाला ती शेंग फोडून दाखवावी लागते, आणि आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला तर पानाचा हिरवा रंगच दिसणार.

दुसरी गोष्ट जमिनीची, जिच्याविषयी या चर्चेत कुणी बोलतच नाही. एकाच शेतकऱ्याच्या एकाच गटात ओढ्याकडच्या अंगाला चार-पाच फूट खोल काळी माती असते आणि माळाकडच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम. तीन आठवडे पाऊस ताणला तर काळं रान पोटातल्या ओलीवर पीक धरून ठेवतं, बरड रानातलं दहाव्या दिवशी माना टाकतं. पाऊस लागून राहिला तर उलट: बरडातलं पाणी निचरून जातं, काळ्या रानाला पंधरा-पंधरा दिवस वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही, मुळं गुदमरतात, पीक पिवळं पडतं. पाऊस तोच, तारीख तीच, धनी तोच. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळी वर्षं असतात म्हणा ना. आणि आपण जिल्ह्याच्या सरासरीवर वाद घालतोय. सातारा जिल्ह्याची पावसाची सरासरी काढताना महाबळेश्वरचे साडेपाच हजारांहून जास्त मिलिमीटर आणि माण तालुक्यातले पाचशेच्या आसपासचे मिलिमीटर एकाच बेरजेत जातात. त्या सरासरीइतका पाऊस पडणारं गाव शोधायला निघालात तर घाटाच्या पायथ्याशी एखादं सापडेलही. पण माणमधला माणूस तिथं पेरायला जात नाही.

सरासरीनं दख्खनच्या शेतकऱ्याला छळण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. त्याआधीच्या, प्रिंगल या अधिकाऱ्याच्या जाचक साराबंदोबस्तापेक्षा हा पुष्कळ सौम्य होता, लोकांना तो सोसवलाही. पण त्यामागचा सिद्धान्त पाहा: चांगली आणि वाईट वर्षं धरून दर असा बांधायचा की चांगल्या वर्षाच्या शिलकीतून शेतकरी वाईट वर्षाचा सारा भरेल, मग दरसाल पीक पाहून सूट देण्याची कटकट नको. कागदावर यात खोट काढता येत नाही. प्रत्यक्षात दोन एकर कोरडवाहूवाल्याकडे चांगल्या वर्षाची शिल्लक राहायची कुठून? ती लग्नात, बैलात, आधीच्या कर्जात गेलेली असायची. वाईट वर्षी सारा रोख भरायचा म्हणजे सावकाराचं दार. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढले, त्या तेजीच्या दिवसांत फेरआकारणीनं दर वाढले, आणि भाव कोसळले तेव्हा दर तसेच राहिले. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कर्जरोखे जाळले गेले ते या सगळ्यानंतर. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ आला. सावकारांचे कागद जाळले म्हणून इतिहासात सुप्याच्या त्या दंग्याची नोंद आहे. त्या कागदांच्या मुळाशी असलेली साऱ्याची सरासरी कुणी जाळली नाही, ती पुढे चालूच राहिली.

आता माझ्या विरुद्ध बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. सरकारला काहीतरी एकसारखा, मोजता येणारा निकष लागणारच. प्रत्येकाच्या बांधावर जाऊन प्रत्येकाची शेंग कोण फोडणार? आणि निकष सैल ठेवला तर काय होतं ते आपण आणेवारीच्या, म्हणजे आताच्या पैसेवारीच्या काळात पाहिलंय: गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं, याचा सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या खाली गाव आलं की सवलती, वर राहिलं की काही नाही. मग कुठल्या प्लॉटवर पीककापणी प्रयोग घ्यायचा, म्हणजे नमुन्याचं पीक कापून तोलायचं, कुणाच्या शब्दाला वजन, कुठला पुढारी तहसीलदाराला फोन करतो, यावर पैसे खाली-वर होत. अंतिम पैसेवारी यायला डिसेंबर उजाडायचा. तोवर माणसं ऊसतोडीला निघून गेलेली. त्या मानानं पर्जन्यमापकातला आकडा कुणाची ओळख पाहत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनं पैसेवारीऐवजी पाऊस, खंड, पेरणीचं क्षेत्र, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी पिकाची स्थिती अशी निकषांची उतरंड लावली आणि राज्यानं तिच्यानुसार 2018 च्या ऑक्टोबरमध्येच 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, ही सुधारणा होती हेही मान्य.

पण यातून सिद्ध काय होतं? मोजमाप हवं, एवढंच. सरासरीच मोजा, असं कुठं सिद्ध होतं? यंत्राला एकूण पाऊस मोजता येतो तसे कोरडे दिवसही मोजता येतात, ओले दिवसही. आपल्याच सरकारनं ते करून दाखवलंय. पूर्वी महसूल मंडळात, म्हणजे दहा-पंधरा गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटर पडला तरच अतिवृष्टी. सहा दिवस रोज 40 मिलिमीटर पडून शेंगांना झाडावरच कोंब फुटले तरी नियमात काही झालेलंच नसे. 2023 मध्ये राज्यानं 'सततचा पाऊस' ही स्वतंत्र आपत्ती मानली. सलग पाच दिवस, रोज किमान 10 मिलिमीटर, अशा धर्तीचा निकष घातला. म्हणजे दिवस मोजता येतात, शासन निर्णयात बसवता येतात, आकाश कोसळत नाही. मग हाच विचार पिकाच्या अवस्थेला का लावायचा नाही? पेरणीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातला पंधरा दिवसांचा खंड आणि शेंगा भरतानाचा पंधरा दिवसांचा खंड हे दोन्ही वहीत सारखे दिसतात. पहिल्यात दुबार पेरणीचा खर्च जातो, दुसऱ्यात वर्ष जातं.

विम्यात तर आपण चक्क मागं गेलो. 2023 च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीकविमा आणला. त्यात गैरप्रकार झाले, जिथं शेती नाही तिथलेही अर्ज आले, आणि 2025 मध्ये ती योजना गुंडाळली. एक रुपयाबद्दल मला दुःख नाही. फुकट मिळणाऱ्या विम्याकडे ना घेणारा गंभीरपणे पाहतो ना देणारा. पण टोपलीबरोबर आतला भाजीपालाही फेकला. हंगामाच्या मध्यातली प्रतिकूल परिस्थिती आणि स्थानिक आपत्ती यांसाठीची जोखीम वगळली, आणि भरपाई केवळ हंगामाच्या शेवटी होणाऱ्या पीककापणी प्रयोगांवर ठेवली. मधल्या हंगामाच्या जोखमीचा आधार होता म्हणून 2023 च्या ऑगस्टमध्ये एकवीस दिवसांच्या खंडावर आगाऊ 25 टक्के भरपाई मागता तरी आली. कंपन्यांनी त्यावर हरकती घेतल्या, वाद झाले, पण दार होतं. 2025 च्या सप्टेंबरात ते दार नव्हतं. एकच सरकार महसूल खात्यात पावसाचे दिवस मोजतं आणि कृषी खात्यात ते मोजायचं बंद करतं.

आणि त्या पीककापणीचा निकाल कशाशी ताडून पाहायचा? पुन्हा सरासरीशी. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची, तिला 70 टक्क्यांनी गुणायचं, की झालं उंबरठा उत्पन्न; पीक त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. समजा एखाद्या मंडळात सोयाबीन हेक्टरी 18, 16, 17, 9, 15, 8, 16 क्विंटल आलं. चांगल्या पाचांची सरासरी 16.4, उंबरठा सुमारे साडेअकरा. पुढच्या वर्षी 9 क्विंटल आलं तर भरपाई मिळेल. आता त्याच मंडळाची हवामानानं पुढची सात वर्षं खराब केली असं समजा: 16, 9, 15, 8, 7, 14, 10. चांगल्या पाचांची सरासरी 12.8, उंबरठा नऊच्याही किंचित खाली. आता 9 क्विंटल आलं तर एक पैसा नाही. पीक तेच, नुकसान तेच, माणूस आधीपेक्षा कंगाल. आणि नियम म्हणतो, तुमच्याकडे असंच पिकतं. जिथं हवामान जास्त बिघडेल तिथलं विमासंरक्षण आपोआप पातळ होत जाईल अशी रचना कुणी मुद्दाम केली असती तर तिला काय म्हटलं असतं? सरासरीनं केली म्हणून ती तांत्रिक ठरते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. दुष्काळ काय आजचे आहेत? दुर्गादेवीचा दुष्काळ, 1630 चा, 1876 चा, 1972 चा. तेव्हा कुठं कार्बन होता? पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस लहरी असणारच. यात तथ्य आहे, आणि ते राज्यकर्त्यांना ऐकवायलाच हवं, कारण 'हवामान बदल' हे अलीकडे जबाबदारी झटकण्याचं सोयीचं कारण झालंय. वाहून गेलेल्या बंधाऱ्याला हवामान बदल, कोरड्या पडलेल्या जलयुक्त शिवारालाही हवामान बदल! पण लहरीपणा जुना आहे म्हणून तो वाढलेला नाही, असं ठरत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि तेही मोसमी पावसाचं एकूण प्रमाण घटत असताना. म्हणजे बेरीज कमी, तडाखे जास्त. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत पोचला, इतका लवकर की 1956 चा विक्रम मोडला. शहरात त्याचं कौतुक झालं. खेड्यात रोहिणीतच रानं चिंब झाल्यानं नांगरलेली ढेकळं फुटली नाहीत, पाळी घालता आली नाही, आणि जूनमध्ये पेरायच्या वेळी शेतात तण उभं होतं. लवकर आलेला पाऊस चांगला की वाईट याचं उत्तर सरासरी देऊच शकत नाही. तिच्या लेखी तो जमेचा पाऊस.

शिवाय 1972 आणि आज यांत हवामानाखेरीजचा एक फरक आहे. तेव्हा धान्य नव्हतं. लोक सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाऊन, खडी फोडून जगले. त्यातूनच पुढे रोजगार हमी कायद्यापर्यंत आपण पोचलो, आणि देशानं तो धडा महाराष्ट्राकडून घेतला. पण त्या काळचं शिवार एकाच पिकावर उभं नव्हतं. तूर, मूग, उडीद, खरीप ज्वारी, बाजरी, थोडा कापूस, रब्बीची राखीव रानं. ऑगस्ट कोरडा गेला तर मूग-उडीद तोवर घरात आलेले असत. परतीचा पाऊस बरा झाला तर रब्बी हाती लागे. एखादा खंड सगळं नेत नसे. आज तोच खंड आख्ख्या शिवाराला एकाच अवस्थेत गाठतो, कारण आख्खं शिवार एकाच आठवड्यात, एकाच पिकानं पेरलेलं असतं.

इथं तिसरा आक्षेप वाट बघतच असतो: मग शेतकऱ्यानं पीक बदलावं की! सोयाबीन आणि उसाला काय सरकारनं सांगितलं होतं? खरं आहे, सांगितलं नव्हतं. आणि मराठवाड्यासारख्या भागात उसाला पाणी किती द्यावं याला मर्यादा हवी, यावर दुमत असायचं कारण नाही. पण ऊस लावणारा माणूस मूर्ख आहे का? उसाला कायद्यानं ठरलेला किमान दर आहे, ठरलेलं गिऱ्हाईक आहे, दोन आठवडे पाण्यात उभा राहिला तरी तो सोयाबीनसारखा मरत नाही, महिनाभर ताण पडला तरी तग धरतो. लहरी हवामानात शेतकऱ्यानं निवडलेला हा विमाच आहे, फक्त त्याचा हप्ता सगळ्या खोऱ्याच्या पाण्यातून जातो. सोयाबीन शंभर दिवसांत पैसा देतं, हरभऱ्याला रान मोकळं करतं, काढणीला यंत्र मिळतं. याउलट मंगळवेढ्याची मालदांडी घ्या. हस्ताच्या आसपास पेरायची, वरून पाणी न मिळता निव्वळ जमिनीतल्या ओलीवर वाढते, थंडीत दव पिते, भाकरीला तिच्यासारखी ज्वारी नाही, कडबा मिळतो तो वेगळाच. हवामानाला इतकं धरून असलेलं पीक शोधून सापडणार नाही. भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण काढणीला भेगाळलेल्या रानातून एकेक ताट हातानं उपटायचं, हातांना घट्टे पडेपर्यंत. मजूर त्या कामाला दुप्पट पैसे मागतात, आणि ते रास्तच आहे. खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री नाही. पुण्यातल्या परिषदेत भरडधान्याची थाळी खाऊन शेतकऱ्याला ज्वारीकडे वळा म्हणणाऱ्यांनी एकदा पाच गुंठे ज्वारी उपटून बघावी.

पीक बदलतं, पण ते एकट्यानं बदलत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव भाषणांतून इतकं घासलं गेलंय की खुद्द तिथं काय होतं ते विसरायला झालंय. तिथं गावच पाऊस मोजतं, हंगामाअखेर भूजलाचा ताळेबंद मांडतं आणि त्या वर्षी रब्बीला कोणतं पीक किती घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला बंदी. पाऊस तिथं मराठवाड्यापेक्षाही कमी. यात चमत्कार काही नाही. आकडा गावाचा स्वतःचा आहे, म्हणून निर्णयही गावाला मान्य होतो. जिल्ह्याची सरासरी सांगून असा निर्णय कुणी मान्य केला असता का?

राहता राहिलं हवामान खातं. 2017 मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल या खात्याविरुद्ध थेट पोलिसात तक्रार दिली होती. बियाणं आणि औषध कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोप होता. आरोप मला पटत नाही, पण राग समजतो. खात्यानं सांगितलेला टक्का देशाचा असतो, शेतकरी तो आपल्या रानाचा समजून बी विकत घेतो. आणि तसं समजू नका हे त्याला ठणकावून सांगणारं कुणी नसतं. 1886 मध्ये याच खात्याचा तेव्हाचा प्रमुख ब्लॅनफर्ड यानं हिमालयातल्या बर्फावरून पहिला अधिकृत मोसमी अंदाज दिला त्याला आता एकशेचाळीस वर्षं होत आली. या खात्याचं पुण्यातलं सिमला ऑफिस ज्या चौकाला नाव देऊन बसलंय तिथल्या लोकांनी विज्ञान कुठल्या कुठं नेलं. सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देणारी प्रणाली 2025 मध्ये आली, चार आठवडे पुढचा अंदाज दर गुरुवारी निघतो. शेतकऱ्याला हवा तो हाच अंदाज: येत्या पंधरवड्यात उघडीप आहे का, फवारणी करू का, 75 ते 100 मिलिमीटर पडेपर्यंत पेरणी थांबवा म्हणताय तर पुढच्या दहा दिवसांत तेवढा येणार का? आणि नेमकं याच वेळी, हा अंदाज तालुक्याच्या पिकांच्या भाषेत उतरवून सांगणारी देशभरातली 199 जिल्हा कृषी-हवामान केंद्रं मार्च 2024 मध्ये बंद केली गेली. अंदाज बारीक झाला आणि तो पोचवणारा माणूस गेला. मग ती जागा यूट्यूबवरच्या हवामान अभ्यासकांनी घेतली तर त्यांना हसण्यात काय अर्थ? ते निदान तालुक्याचं नाव घेऊन बोलतात.

राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. एका मंडळात दहा-पंधरा गावं. केंद्र एका गावात. ढगफुटी शेजारच्या शिवारात झाली आणि केंद्रावर 30 मिलिमीटरच भरला, अशी तक्रार प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. आता केंद्राच्या 'विंड्स' योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत मापन नेण्याचं ठरलंय. चांगलंच आहे. पण यंत्रं वाढवून त्यांचे आकडे पुन्हा तालुक्याच्या आणि हंगामाच्या सरासरीतच ओतणार असू तर फायदा फक्त यंत्र विकणाऱ्याचा. विम्याच्या करारात पीकनिहाय, अवस्थानिहाय कोरड्या आणि ओल्या दिवसांची मर्यादा लिहिली पाहिजे: सोयाबीनला शेंगा भरताना किती, कापसाला बोंडं फुटताना किती, तुरीला फुलोऱ्यात किती. परभणी, राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांकडे यावरचं संशोधन पडून आहे, नव्यानं समिती नेमायची गरज नाही. उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांवरून न काढता त्या जमिनीत, त्या वाणाचं, बऱ्या वर्षी काय यायला हवं त्यावरून काढलं पाहिजे. हे महाग पडेल. हप्ता वाढेल, आणि तो कुणी किती भरायचा यावर खरं राजकीय भांडण होईल. ते भांडण करण्यासारखं आहे. 106 टक्के की 108 टक्के हे नाही.

आणि रोजचा आकडा लोकांच्या डोळ्यांसमोर हवा. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी शेतकऱ्यांना इंग्रजांच्या दुष्काळ संहितेत काय लिहिलंय ते मराठीतून समजावून सांगितलं: पीक बुडालं असेल तर सूट मागणं हा तुमचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. संहिता तर सरकारनंच केलेली होती. ती लोकांना कळली एवढ्यानंच सरकार इतकं बिथरलं की 1897 मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. आज पावसाची नोंद यंत्रात होते, तिथून सर्व्हरवर जाते, तिथून कृषी खात्याकडे, कंपनीकडे. गावाला ती कळते ती दावा नाकारल्याच्या एसएमएसमधून. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी आठला तीन गोष्टी लिहायला काय खर्च आहे: काल किती पडला, शेवटच्या पावसाला किती दिवस झाले, आणि आत्ता आपल्या शिवारातलं पीक कोणत्या अवस्थेत आहे. हा फळा विम्याच्या दाव्यात पुरावा म्हणून धरला जाईल, असं शासन निर्णयात एक वाक्य घालावं लागेल. त्या वाक्याला विरोध कोण करतो ते बघण्यासारखं असेल.